चुन्याच्या रेघांचं घर

आबांच्या वाडीत एक घर होतं, त्याला भिंती नव्हत्या. विहीर आणि केळी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, तेवढंच ते घर. पण रेघांमध्ये पुढे-मागे दारापुरती जागा सोडलेली होती आणि आत यायचं तर तिथूनच यायचं, असा आबांचा दंडक होता.

रेघा मारल्या त्याच आठवड्यात मी धुण्याची बादली घेऊन सरळ मधूनच विहिरीकडे निघाले. पाठीमागून आवाज आला, "ए कोकनवाली, भिंतीतून कुठं चाललीस? भूत हायस काय?"

मी घाबरले. होते तशी मागे आले, वळसा घालून दाराच्या जागेतून आत शिरले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. आबा खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. ती त्यांची पडवी. चपला त्यांनी रेघेबाहेर काढून ठेवल्या होत्या. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हां. आता कसं मान्सासारखं."

वाडीतला कुत्रासुद्धा त्यांनी दारातून जायला शिकवला होता. कोंबड्या काही शिकल्या नाहीत. त्यांना आबा म्हणायचे, "जावं द्या. त्यांना नोटीस लागू होत नाय."

आबा माझे घरमालक. वसईच्या जुन्या शेतकरी घरातले. भात गेलं, मिठाची जमीन गेली, उरली ती ही वाडी. केळी, थोडा पडवळ-दुधी, मोगऱ्याची एक ओळ आणि पुढे कौलारू घर. घराच्या मागच्या अंगाला लागून एक खोली होती. पूर्वी तिच्यात केळ्यांचे घड पिकायला ठेवायचे. आमच्या ह्यांना सातिवलीला एका गाळ्यात मशीनवर काम लागलं तेव्हा ती खोली आम्हाला भाड्यानं मिळाली. पावसाळ्यात भिंतींना अजून पिकल्या केळ्याचा वास यायचा.

सामान उतरवलं त्या दिवशी आबांनी खोली पाहिली आणि मला विचारलं, "रांधनार कुठं?" मी जमिनीकडे बोट दाखवलं. मला तेव्हा परक्या माणसापुढे तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून चार लोकांत बोलायचा प्रसंगच आला नव्हता. आबा दुसऱ्या दिवशी विटा, सिमेंट आणि कडाप्पा घेऊन आले. मला भिंतीपाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपराच्या खाली खडूनं खूण केली. "हिच्या वर ओटा नको आनि लय खाली पन नको. बाईमान्साचं आयुष्य इथंच जातं, निदान पाठ तरी सरळ ऱ्हावी."

माझ्या मापानं बांधलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू. लग्नातलं पोलकंसुद्धा बहिणीच्या मापाचं होतं.

आबांना मोजायचं वेडच होतं. एक बांबूची काठी त्यांनी खाचा पाडून ठेवली होती, ती घेऊन ते गावभर फिरायचे. कुणी नवीन माळा चढवला, कुणी गॅलरी बाहेर काढली, की काठी टेकवून उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हे रातचं घर हाय." रातचं घर म्हणजे परवानगीशिवाय सुट्टीच्या दिवसांत उभं राहिलेलं. लोक चिडायचे. एकदा एका बाईनं वरच्या गॅलरीतून विचारलं, "आबा, तुमचं दिवसाचं घर कधी होनार? तुमच्या घराला तर वारा पन अडत नाय!" आबा खालून म्हणाले, "वारा नाय अडत, पन बुलडोजर पन येत नाय." त्यावर गल्ली हसली. आबा हसले नाहीत.

का हसले नाहीत, ते मला त्यांच्या लेकीकडून कळलं. तिला मी ताई म्हणायचे. ताईंचं सासर विरारच्या बाजूला एका चाळीत होतं. नवरा अचानक वारला. त्यानंतर ती चाळच बेकायदा ठरली आणि पाडायचा दिवस आला. बांधून विकणारा केव्हाच पसार झाला होता. ताईंनी सकाळचा भात चढवलेला होता. खाली उतरा म्हणून सांगणारे घाईत होते, ताई कुकर घेऊन उतरल्या, बाकीची भांडी लोकांनी वरून रस्त्यावर टाकली. आबा पोचले तेव्हा त्यांची लेक फुटपाथवर मांडणीतली ताटं पदरानं पुसत बसली होती. गरम कुकर मांडीजवळ.

त्या दिवशी ताई माहेरी आल्या आणि आबांनी चुना आणला.

घरात मुलगा, सून आणि नातवंडं होती. सुनेला मी वहिनी म्हणायचे. त्या वाईट नव्हत्या. पण ताईंनी पोटासाठी डबे करायला घेतले. सातिवलीच्या कामगारांना तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, एखादी भाजी. डबे वाढले तसं एका स्वयंपाकघरात दोघींचं जमेना. सकाळी माझ्या खोलीत ऐकू यायचं.

"ताई, तुमचं पातेलं उतरलं की हाक मारा. माझ्या घरात चहा तरी होऊ दे."

"उतरवते गो बाय. तुझंच घर हाय."

"तसं कुठं म्हटलं मी?"

"म्हटलं नाय. मीच म्हनते."

पुढे वहिनींचं उरकेपर्यंत ताई पीठ मळून अंगणात बसायला लागल्या. पाऊस असला की विहिरीच्या पत्र्याखाली, परात मांडीवर घेऊन.

आबांना लेकीसाठी दोन खोल्यांचं घर हवं होतं. वेगळी चूल, वेगळं दार, आणि ते कायद्यानं. नकाशा काढणारा मुलगा आला, त्यानं सगळी वाडी पाहिली आणि म्हणाला, "काका, सिंपल आहे. किचनला स्टोअर दाखवू. स्टोअरला कोण विचारत नाय. पास झालं की तुम्ही आत गॅस ठेवा. सगळे तेच करतात."

"स्टोर म्हंजे?"

"अडगळीची खोली."

आबांनी त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि परत आल्यावर काठी जमिनीवर आपटली. "माझ्या लेकीची चूल अडगळीत? चोरून पेटवायची? आनि उद्या कोनी बगायला आला की भांडी परत बाहेर?" मग ताईंकडे वळून, जरा हळू, "एकदा आली बाहेर. परत नाय येनार."

तेव्हापासून ते स्वतःच महापालिकेत जायला लागले. धुतलेला सदरा, टोपी, पिशवीत घरची केळी. तिथं काय विचारलं, काय सांगितलं, ते आल्यावर सगळ्यांना ऐकवायचे. हद्दीपासून इतकी जागा मोकळी सोडायची. विहिरीपासून इतकी लांब. दोन घरांच्या मधे इतकं अंतर. दर खेपेला नवीन काही कळायचं आणि दर खेपेला आबा जुन्या रेघा पाण्यानं धुवून नव्या मारायचे. घर दर वेळी थोडं लहान व्हायचं. वहिनी म्हणाल्या, "आबा, तुमचं घर धुतल्यावर आटतं." तेव्हा मात्र आबा खो खो हसले, आणि ताईसुद्धा हसल्या. त्या घरात दोघी नणंदा-भावजया एकत्र हसलेल्या मी तेवढ्याच वेळी पाहिल्या.

गल्लीची रुंदी कमी पडते असं निघालं. गल्ली नेमकी आबांच्याच कुंपणापाशी आवळलेली होती. त्यांच्या वडिलांनी लावलेली अडुळशाची आणि जास्वंदीची बाग रस्त्यावर आली होती. आबांनी कुणाला न विचारता कोयता घेतला आणि सगळी तोडून कुंपण आत घेतलं. गावातले म्हणाले, म्हातारा खुळावला, लोक जागा पुढे घेतात, हा मागे घेतो. मोकळ्या झालेल्या पट्टीत दुसऱ्याच दिवशी लोकांनी स्कूटर लावल्या.

सगळ्या रेघा हलल्या, पण स्वयंपाकघर आबांनी जागचं हलू दिलं नाही. त्याचं कारण तिथला खुंटा. जमिनीवर रेघ मारून ओट्याची लांबी दिसते, उंची कशी दिसणार? म्हणून त्यांनी ताईंना उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला, आणि हाताला आला तो एक दांडका त्या उंचीला कापून जमिनीत ठोकला. दांडका शेवग्याचा होता. पावसाळ्यात त्याला पालवी फुटली. आबा म्हणाले, "ओट्याला पानं आली गो!" आणि तो काढायचा नाही असं ठरवून टाकलं.

मग एकदा महापालिकेचा माणूस जागा बघायला आला. आबांनी त्यालाही दारातून आणलं. तो भला होता, बूट काढून रेघेच्या आत आला. सगळं बघून झाल्यावर घराला मागून फेरी मारताना तो आमच्या खोलीशी थांबला. मी दाराआड झाले. त्यानं आत डोकावून ओटा पाहिला, शेगडी पाहिली.

"इथं कोण राहतं?"

"आमचीच मान्सं," आबा म्हणाले. "एका चुलीवरची."

तो विहिरीकडे गेला. तिथं ते दोघं बराच वेळ बोलत उभे होते. मला ऐकू आलं नाही. माझ्या मनात तेवढंच राहिलं की आबांनी आम्हाला आपली माणसं म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं. अजून आठवतं, त्या दुपारी मी शेगडी घासून लख्ख केली.

दुसऱ्या दिवसापासून ताई माझ्या दाराशी वाटी घेऊन यायला लागल्या. पितळेची, काठाला चेपलेली. कधी वालाची भाजी, कधी कालवण. "आबांनी दिलंय." रिकामी वाटी परत करायची नसते, म्हणून मी त्यात आमचं काहीतरी घालून द्यायची. कुळथाची पिठी, सोलकढी, भोपळ्याचे घारगे. आबा ते खायचे आणि विहिरीवर भेटले की सांगायचे, "पिठी बरी झालेली. तिरफळ कमी टाक." एकही दिवस चुकला नाही. माझ्या अंगात ताप असला तर आबा स्वतः येऊन माझ्या ओट्यावर चहा करायचे, अर्धा कप आम्हाला द्यायचे, अर्धा स्वतः घ्यायचे आणि जायचे. ह्यांना ते विचित्र वाटायचं. "म्हाताऱ्याला घरी चहा मिळत नाही काय?" मी म्हणायची, लहर असते एकेकाची.

ताई वाटी देताना उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. मी कधी "बसा" म्हटलं नाही. म्हणावंसं वाटायचं. त्या माझ्या ओट्याकडे एकदा बघायच्या, मग माझ्याकडे, आणि जायच्या.

परवानगी काही येत नव्हती. "येल," आबा म्हणायचे. "एकच गोस्ट अडलीय." कोणती, ते कुणी विचारलं तर रेघांवर नवा चुना टाकायला निघून जायचे.

शेवटी ताईंनी चंदनसारला भाड्याची खोली घेतली. भांडण झालं नाही. वहिनींनी त्यांना नवा तवा दिला, ताईंनी पोरांच्या गालांवरून हात फिरवला. आबा पडवीत, म्हणजे त्यांच्या चुन्याच्या पडवीत, पाठ करून बसले होते. ताई मुद्दाम दाराच्या जागेतून आत गेल्या, पाया पडल्या. आबा म्हणाले, "घर तयार झालं की ये."

"कुठलं घर, आबा?"

"हेच की."

"येईन."

थोड्या दिवसांनी आबांना लेकीकडे जायचं होतं. मुलाला वेळ नव्हता, म्हणून सोबतीला मी गेले. ताईंची खोली चौथ्या मजल्यावर होती. आबा कठड्याला धरून चढले. आत गेल्यावर बसले नाहीत. काठी आणली नव्हती, पण वितीनं भिंत मोजली, बोटानं टिचकी मारून ऐकली. शेजारची बाई डोकावली तर तिलाच विचारलं, "बाय, ह्या बिल्डिंगला परवानगी हाय ना?"

ती गोंधळली. "आजोबा, आम्ही पण भाड्याचेच. असेल ना."

ताईंचे डबे ओळीनं मांडलेले होते. चार बर्नरची शेगडी, मोठी पातेली, हवी तेव्हा पेटवायची. ताई भाकरी थापत होत्या आणि बोलत होत्या, पूर्वी कधी इतक्या बोलल्या नव्हत्या. आबा त्यांच्या हाताकडे बघत होते. जेवले, पाणी प्याले. खाली येऊन रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "ओटा उंच हाय गो. तिचा खांदा वर जातो."

दुसऱ्या दिवशी आबांनी चुना कालवून रेघा मारल्या. आणि वाटी आली. ताई नव्हत्या, तर स्वतः घेऊन आले.

आबा गेले ते दुपारी, झोपेतच. त्यांना अंगणात आणलं तेव्हा मुलगा आणि गावातले लोक रेघांवरूनच चालत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, दारातून न्या त्यांना, दारातून. पण एवढ्या माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानंतर कुणी चुना मारला नाही. पुढचा पाऊस पडून गेल्यावर तिथं नुसतं गवत.

आम्ही गेल्या वर्षापर्यंत त्या खोलीत राहिलो. ह्यांना विरारला छोटा फ्लॅट घेता आला, तेव्हा सोडली. सामान टेम्पोत चढलं आणि ताई आल्या. मला निरोप द्यायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या. रिकाम्या खोलीत फक्त ओटा उरला होता. मी ती पितळेची वाटी शोधून वर ठेवली होती. आबा गेले त्या सकाळची, माझ्याकडेच राहिलेली. तिच्यात मी शिरा घातला होता.

या वेळी मी म्हटलं, "बसा ना, ताई." बसायला काही नव्हतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो.

ताईंनी ओट्याकडे पाहिलं आणि हसल्या. "आता देतील परवानगी."

"कसली?"

"घराची. माझ्या." मला काही कळलं नाही हे त्यांना दिसलं. "तुला आबांनी सांगितलं नाय ना? मला वाटलंच. एवढ्या जागेत दोनच घरं बसतात. पुढचं एक, आनि दुसरं एक. जिथं चूल वेगळी ते घर वेगळं. तो साहेब म्हनाला, दुसरं घर तर तुमच्याकडं हायच की, मागं. भाडेकरूंचा ओटा काढा, मंग लेकीचं घर करा."

मी ओट्याला हात लावला. थंड होता.

"आबा म्हनले, त्यांची चूल वेगळी नायच, एकच हाय. म्हनून वाटी. रोज. तुझ्याकडचं आमच्यात, आमचं तुझ्यात. मंग ऑफिसात जाऊन सांगितलं, येऊन बगा, आमचं एकत्र खानं हाय. त्यांना खरंच वाटायचं की हे कोनीतरी मानेल. तिथला मानूस म्हनाला, आजोबा, आम्ही वाटी नाय मोजत, ओटा मोजतो."

"मला सांगायचं ना," मी म्हटलं. "आम्ही गेलो असतो. ताई, दुसरी खोली मिळाली असती आम्हाला कुठंही. एका शब्दानं गेलो असतो."

"मी म्हटलं आबांना, तिला सांगा. म्हनले, मी मोजून बसवलेली चूल मी काढनार नाय."

"मग तुम्ही? तुम्ही तर रोज दारात यायच्या."

ताई वाटीच्या चेपलेल्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. "सांगायलाच यायचे पहिल्यांदा. पन येईन तेव्हा तुझं काहीतरी चुलीवर असायचं. कधी भात, कधी कढई. चढलेला भात उतरव म्हनून कसं सांगू गो?"

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. हे हाक मारत होते. आम्ही उठलो. ताई सरळ गेटकडे गेल्या नाहीत, केळीच्या बाजूला वळल्या. मी मागोमाग. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं होतं, रेघेची खूण कुठं नव्हती. तरी ताईंनी एका जागी चपला काढल्या. मीही काढल्या.

शेवग्याचं आता झाड झालं आहे. दांडका कापला होता त्या उंचीवरच त्याला चारी बाजूंनी फांद्या फुटल्या, मधे बसका खोलगट भाग राहिला आहे. ताई तिथं जाऊन उभ्या राहिल्या, भाकरी थापताना उभ्या राहतात तशा. हात कोपरात वाकवला आणि त्या खोलगट भागावर टेकवला.

खांदा वर गेला नाही. पाठ सरळ होती.